कुंझुमच्या वाटेवर लॅपटॉपचा नकाशा

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही चौघं बोलेरोनं मनालीहून काझाला जाणार आहोत. वाटेत फोनला रेंज नसते म्हणतात. घरचा जुना लॅपटॉप नेला, तर नेटशिवाय त्यावर जीपीएस चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, पण सगळी तयारी सांगलीतच करा. जीपीएसला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला. पहिल्या खेपेला माझी इथंच चूक झाली. ग्राम्फू मागे पडलं, गाडीचा ठिपका बिनचूक सरकत होता आणि त्याच्याखाली नुसता पांढरा पडदा! बातलपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

लॅपटॉपमध्ये बहुधा जीपीएस नसतंच. विंडोज दाखवतं ते ठिकाण मुख्यतः आसपासच्या वायफायवरून काढलेलं असतं, ते तिकडे कुचकामी. यूएसबीला जोडायचा, चुंबक लावलेला जीपीएस रिसीव्हर घ्या आणि बोलेरोच्या टपावर चिकटवा. रशियाच्या ग्लोनास आणि युरोपच्या गॅलिलिओ यंत्रणेचे उपग्रहही पकडणारा असेल तर उत्तम, कारण चंद्रा नदीच्या घळीत दोन्ही बाजूंचे डोंगर बरंचसं आकाश झाकतात.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या, मोफत नकाशाचा उत्तर भारताचा डेटा जिओफॅब्रिकच्या साइटवरून उतरवून त्यात भरा. रिसीव्हर जोडलात की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा कॉम पोर्ट नंबर, म्हणजे जोडणीचा क्रमांक, दिसेल. क्यूजीआयएसमध्ये जोडणी करताना तोच द्यायचा. बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, बहुधा ९६००, जुन्या रिसीव्हरचा ४८००. हे सगळं जमलं की घरचं वायफाय बंद करा आणि कोल्हापूरपर्यंत एक फेरी मारून या. त्या फेरीत नकाशा अडला नाही, तरच पुढचा बेत.

तुमचा लॅपटॉप जुना आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो. त्यात फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवून घ्या. हार्ड डिस्कचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि बहुतेक हार्ड डिस्क सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. वाटेतली कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे. त्यात खडीचे हादरे. तिथं डिस्क गेली तर नकाशाही गेला.

चार्जिंगला १२ व्होल्टवर चालणारा दीडशे वॉटचा इन्व्हर्टर पुरतो. अटल बोगद्याच्या नऊ किलोमीटरांत ठिपका थिजेल, घाबरू नका. मनालीत पहिल्यांदा रिसीव्हर चालू कराल तेव्हा गाडी मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं उभी ठेवा. जागा एवढी बदलल्यावर उपग्रह शोधायला त्याला वेळ लागतो. लॅपटॉप मागच्या सीटवरच्या माणसाकडे द्या, चालवणाऱ्यानं पडद्याकडे बघायचं नाही. तोच नकाशा एका फोनमध्येही उतरवून ठेवा.

आणि छत्रूच्या पुढचे नाले सकाळीच ओलांडा. ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, ते कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

प्रश्न : अमेरिकेतला भाचा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र देतो म्हणतोय. सोबत घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. तुमचा जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो, हे यंत्र उपग्रहाकडे संदेश धाडतं. सॅटेलाइट फोन काय किंवा असं यंत्र काय, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाही. विमानतळावरच ते पकडून लोकांना अटक झालेली आहे. त्यापेक्षा मनाली सोडताना घरी फोन करून सांगा, कुठल्या दिवशी काझाला पोचणार ते.