मंगळसूत्र घालूनच ये

बाय,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच उडाली. देवळात लग्न लावलंस, आता नाताळच्या मिसाला, चर्चमधल्या उपासनेला, येऊ नकोस, वाड्यावरचे लोक बघतील असं तुझ्या आईने सांगितलं ना, माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं, १९९४ साली, मी लग्न करून डिचोलीला आले तेव्हा. आणि मी ते ऐकलं, ती माझी चूक. सहा वर्षं फेस्ताला, चर्चच्या सणाला, माहेरी जायचे आणि इगर्जीबाहेरच्या खुरसाजवळ, म्हणजे चर्चबाहेरच्या क्रूसाजवळ, उभी राहून मीस ऐकायचे, आत लोक शांती म्हणून एकमेकांना हात जोडायचे तेव्हा मी त्या खुरसाला हात जोडायचे.

मग एका म्हाताऱ्या पाद्रीने विचारलं, तुला अडवलं कोणी? मला एक नाव घेता येईना गं.

मिसाला बसणं वेगळं आणि कुमगार, म्हणजे मिसात देतात ती पवित्र भाकर, घेणं वेगळं, आपल्याकडे लोक दोन्हीची खिचडी करतात. चर्चची परवानगी न घेता लग्न केलंस म्हणून सध्या कुमगार घेता येत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यात कलम १२२१ आहे, उपासनेच्या वेळी चर्चमध्ये प्रवेश मुक्त आणि मोफत असला पाहिजे, तो तुझ्या नवऱ्यालासुद्धा आहे. म्हापशात मिलाग्रीस सायबिणीला, आपल्या मारिया मातेला, लईराई देवीची बहीण मानून किती हिंदू बायका तेल घेऊन येतात, बघितलंयस ना तू.

कुमगाराचाही मार्ग आहे. पाद्री विगाराला, चर्चच्या मुख्य पाद्रीला, भेट आणि रॅडिकल सॅनेशनबद्दल विचार, म्हणजे झालेलं लग्नच बिशप मान्य करतो, परत लग्न लावायला नको, नवऱ्याने धर्म बदलायलाही नको, फक्त तुमचा दोघांचा संसार मनापासून चालू हवा. तुला मात्र मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी जमेल तेवढं करीन असं वचन द्यावं लागेल आणि ते नवऱ्याला माहीत असायला हवं, म्हणून आधी त्याच्याशी बोल, सासूला बाहेरून कळता कामा नये, त्याने घर फार दुखतं.

आईशी भांडू नकोस, ती लोकांना घाबरते, तुझ्यावर रागावलेली नाही.

रविवारी साडेसहाला म्हापसा बसस्टँडवर थांब, मी येते, दोघी मिळून मिसाला जाऊ. मंगळसूत्र पर्समध्ये ठेवू नकोस, मी पण घालूनच येणार आहे.

तुझी मावशी