स्कायची पहिली बससहल

पहिल्यांदाच जाताय ना? मग एडिनबराहून एका दिवसात स्कॉटलंडचं स्काय बेट उरकायचा विचार सोडा; सगळा दिवस बसमध्येच जाईल. तीन दिवसांची सहल घ्या.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक कपड्यांची. जुलैतही वाटेत ग्लेनकोच्या दरीपाशी उतरलात की वारा छत्री उलटी करतो. छत्री नकोच, टोपीवालं रेनजॅकेट घ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा पडला की मिजेस उठतात: चिलटांएवढ्या बारीक, पण कानामागे, केसांत शिरून चावतात. मलम खिशातच ठेवा.

बस लागत असेल तर पुढची जागा मागून घ्या, रस्ते वळणावळणाचे आहेत. आणि स्कायवरचा ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका ढगांत असला तरी खिडकीवरची नजर हलवू नका. दहा मिनिटांतही आभाळ उघडतं.