शाळेत मारहाण करणाऱ्या मुलाला मोठ्यांसारखीच शिक्षा व्हावी का?

माझ्या मते नाही. पण ‘लहान आहे, जाऊ द्या’ हेही नको. अशाने मार खाल्लेलं पोर एकटं पडतं.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने एक वाट दाखवली. गुन्हा केलेलं मूल, त्याचं कुटुंब, पोलीस आणि इच्छा असेल तर पीडित एकत्र बसतात, भरपाई कशी करायची ते ठरवतात. ज्याला मारलं त्याच्यासमोर बसून त्याचं ऐकणं हे आठवडाभर शाळेतून काढण्यापेक्षा कितीतरी जड जातं. खुनासारखे गुन्हे वेगळे, ते न्यायालयातच जावेत.

आणि पीडित मुलावर माफ करण्याची सक्ती कधीच करू नका. वर्ग बदलायचाच असेल तर मारणाऱ्याचा बदला, मार खाणाऱ्याचा नाही.