पृष्ठफळ-घनफळाची सगळी सूत्रं पाठ करावीच लागतात का?

ताई, तुम्ही विचारलंय की भाचा दहावीत आहे, घनाकृतींची सूत्रं घडाघडा म्हणून दाखवतो पण पेपरात कुठलं कुठे लावायचं तेच कळत नाही, तर पाठांतराशिवाय काही मार्ग आहे का. आहे. मी काही मास्तर नाही, इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टाक्या आणि हॉपर (माल खाली सोडायच्या नरसाळ्यासारख्या निमुळत्या टाक्या) बनवायच्या वर्कशॉपात एस्टिमेट काढतो, म्हणजे दिवसभर दोनच गोष्टी, पत्रा किती लागेल आणि आत माल किती मावेल. पहिलं पृष्ठफळ, दुसरं घनफळ. त्याला आधी एवढंच विचारायला शिकवा की प्रश्नात पत्रा विचारलाय की माल. रंग, कागद, तंबूचं कापड हे सगळं पत्र्यात आलं. पाणी, धान्य, वितळवून ओतलेला धातू हे मालात.

आता पत्रा. टाकी आमच्याकडे गोल येत नाही, सपाट पत्रा येतो, तो रोलिंग मशीनमधून काढला की गोल होतो. १ मीटर व्यासाची आणि दीड मीटर उंचीची टाकी करायची तर पत्रा लांबीला किती कापायचा? व्यास गुणिले ३.१४, म्हणजे ३.१४ मीटर. रुंदी दीड मीटर. झाला साधा आयत, ४.७१ चौरस मीटर, आणि पोरं ज्याला टू पाय आर एच म्हणून घोकतात ते हेच, परीघ गुणिले उंची. खाली तळाची चकती ०.७८५ चौरस मीटर. वर उघडी असेल तर एवढंच, झाकण असेल तर आणखी एक चकती. वक्रपृष्ठफळ का एकूण पृष्ठफळ हा गोंधळ मग राहतच नाही, पत्रा कुठेकुठे लागलाय ते मोजायचं फक्त. (खऱ्या कामात जाडीपण धरावी लागते, पत्रा ३ एमएम आणि आतला व्यास १००० हवा असेल तर आम्ही १००३ चा परीघ धरून ३१५१ एमएम कापतो, ३१४२ कापला तर टाकी आतून लहान निघते. परीक्षेत हे डोक्यात आणू नका.)

शंकूला सगळे अडतात कारण तो उघडून कोणी दाखवतच नाही. पुठ्ठ्यावर ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यातून १४४ अंशाची फोड कापून टाका, उरलेला २१६ अंशाचा तुकडा वळवून कडा जोडा. जो शंकू होतो त्याच्या तळाची त्रिज्या भरते ३ आणि उंची ४. सुरुवातीची ५ म्हणजे तिरकस उंची, पायथागोरसने ताळा करून बघा. मूळ वर्तुळाचा किती भाग उरला? २१६ भागिले ३६०, म्हणजे तीन पंचमांश, म्हणजेच तळाची त्रिज्या भागिले तिरकस उंची. पूर्ण वर्तुळ पाय एल स्क्वेअर, त्याला आर भागिले एलने गुणलं की पाय आर एल. सूत्र आलं! आमचा मार्किंगवालापण हॉपरचा शंकू पत्र्यावर असाच आखतो.

घनफळ त्याहून सोपं आहे. वरपासून खालपर्यंत सारखाच आकार असेल, मग तो खोका असो, पाइप असो की त्रिकोणी प्रिझम, तर तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. वर टोक होत असेल तर त्याचा तिसरा हिस्सा. तिसराच का, हे भाच्याने विचारलं तर घन घ्या, त्याचा एक कोपरा धरा. त्या कोपऱ्याला न लागणाऱ्या बाजू तीनच असतात, आणि त्या प्रत्येक बाजूवर उभा राहून टोक त्या कोपऱ्यात टेकवणारा एकेक पिरॅमिड, असे तंतोतंत सारखे तीन पिरॅमिड मिळून अख्खा घन भरतो. मला तरी गणितातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. शंकूसाठी पटवायचं असेल तर वरचाच पुठ्ठ्याचा शंकू घ्या, शेजारी १८.८५ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद पट्टीची नळी करा, रवा भरून ओता, तीन शंकूंत नळी काठोकाठ.

गोलालाही हेच लागू पडतं. गोल म्हणजे केंद्रात टोक असलेले असंख्य बारीक पिरॅमिड समजा, सगळ्यांची उंची त्रिज्या आणि तळ मिळून गोलाचं पृष्ठफळ. मग घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले त्रिज्या भागिले ३. पृष्ठफळ फोर पाय आर स्क्वेअर, तेवढं मात्र लक्षात ठेवावं लागेल, म्हणजे त्याच त्रिज्येची चार वर्तुळं. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत हेच दिलंय, वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट केली की चेंडूवरच्या जाळीसारखं भोवतालचं पृष्ठफळ, आणि त्याला व्यासाने गुणून ६ ने भागलं की आतलं घनफळ. व्यास भागिले ६ म्हणजे त्रिज्या भागिले ३ च की. त्यांच्या साडेसहाशे वर्षं आधी आर्यभटांनी गोलाच्या घनफळाचा दिलेला नियम चुकीचा होता, तेव्हा भाचा गोलाला अडत असेल तर रागावू नका त्याला.

पेपरात मार्क जातात ते जोडलेल्या आकारांत. घनफळांची खुशाल बेरीज करा, पृष्ठफळांची सरसकट करू नका. दोन्ही टोकांना अर्धगोल असलेली कॅप्सूल असेल तर मधल्या नळीच्या दोन्ही चकत्या आत गेल्या, त्या कुठे दिसतच नाहीत, मग धरायच्या कशाला? राहिला फक्त नळीचा वक्र भाग आणि दोन अर्धगोल म्हणजे एक पूर्ण गोल. आणि वितळवून दुसरं काही केलं असं आलं की घनफळ तेवढंच राहतं, पृष्ठफळ बदलतं. ३ सेंमी त्रिज्येच्या एका गोळ्याच्या १ सेंमी त्रिज्येच्या २७ गोळ्या होतात पण त्यांचं पृष्ठफळ मिळून मूळच्या तिप्पट होतं. एककं आधीच एकसारखी करून घ्या, १००० घनसेंमीचा १ लिटर, १ घनमीटरचे १००० लिटर.

आता त्याला आमच्याकडचं एक गणित द्या. हॉपर, वर ६०० एमएम व्यासाची १ मीटर उंच नळी, खाली तेवढ्याच व्यासाचा ४०० एमएम उंचीचा शंकू, टोक बंद, वरून उघडा. पत्रा २ एमएम लोखंडी, त्याचं वजन दर चौरस मीटरला १५.७ किलो धरायचं. माल ३२० लिटरच्या आसपास आणि पत्रा ३७ किलोच्या जवळ यायला हवा. ४१-४२ किलो आला तर समजा त्याने नळी आणि शंकूच्या मध्ये चकती लावून ठेवलीय, आणि मग माल खाली उतरायचा कसा ते त्यालाच विचारा.