तिशी ओलांडलेल्या रिसीव्हरचा करार वाढवावा का?

प्रश्न : मी नाशिक रोडला एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मेहुण्यांमुळे मला अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली आणि आता रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होणारा सामना मी सहसा चुकवत नाही. लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने 2022 मध्ये कुपर कप या रिसीव्हरचा (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचा) करार तीन वर्षांनी वाढवला आणि मार्च 2025 मध्ये, मुदत संपण्याआधीच, त्याला मोकळे केले. मेहुण्यांच्या मते रिसीव्हरने तिशी गाठली की करार वाढवण्याचा विचारच सोडून द्यावा. ज्याने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले त्याच्याशी असे वागणे मला पटत नाही. आपले मत काय? आणि संघ करार असा मध्येच संपवू शकत असेल, तर खेळाडू दीर्घ मुदतीचा करार स्वीकारतो तरी कशासाठी?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. रॅम्सने ज्या आठवड्यात कपला मोकळे केले, त्याच आठवड्यात त्यांनी डव्हॉन्टे अ‍ॅडम्सशी दोन वर्षांचा, 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. कपचा जन्म जून 1993 चा, तर अ‍ॅडम्सचा डिसेंबर 1992 चा. म्हणजे संघाने 31 वर्षांचा रिसीव्हर सोडून 32 वर्षांचा घेतला. तेव्हा तुमच्या मेहुण्यांचा नियम खुद्द रॅम्सनेच पाळलेला नाही.

माझ्या मते कपचा करार वाढवण्यात चूक नव्हती. चूक होती ती वेळेत आणि मुदतीत. 2021 च्या हंगामात त्याने 145 झेल, त्यांतून 1,947 यार्डांची आगेकूच आणि 16 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे) अशी कामगिरी केली आणि तिन्ही बाबतींत तो एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये पहिला आला. त्याच्या पुढच्याच जूनमध्ये, जुन्या कराराची दोन वर्षे शिल्लक असताना, रॅम्सने सुमारे 8 कोटी डॉलरची आणखी तीन वर्षे त्याला जोडून दिली. खेळाडूचा भाव सर्वांत चढा असतानाच संघाने, कसलीही निकड नसताना, खरेदी केली. पुढच्या तीन हंगामांत दुखापतींमुळे कप 17 पैकी अनुक्रमे 9, 12 आणि 12 सामने खेळला आणि त्याचे यार्ड 812, 737, 710 असे उतरत गेले. दरम्यान 2023 मध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पाचव्या फेरीत मिळालेल्या पुका नाकुआने, नवख्या खेळाडूच्या तुटपुंज्या मानधनावर, पहिल्याच हंगामात 105 झेल आणि 1,486 यार्ड मिळवले.

आपण हिशेबाच्या कामात आहात, म्हणून पुढची बाब आपल्याला लगेच उमजेल. 1994 पासून या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला वार्षिक मर्यादा आहे. 2025 साठी ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती. खेळाडूला सही करताना बोनस रोख मिळतो, पण संघाच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांत, विभागून दाखवता येतो. यामुळे आजचा बोजा हलका दिसतो. मात्र खेळाडूला मध्येच सोडले, तर अद्याप हिशेबात न आलेला भाग साधारणपणे एकदम त्याच वर्षाच्या मर्यादेत धरला जातो. कर्जदार गाव सोडून गेला तरी थकबाकी संस्थेच्या ताळेबंदात राहावी, तसाच हा प्रकार आहे. वय झालेल्या रिसीव्हरच्या करारात खरा धोका दडलेला असतो तो इथे, कारण पैसा पुढे ढकलण्याचा मोह याच करारांत सर्वाधिक होतो.

मग करार वाढवताना पाहावे काय? आकड्यांच्या आधी खेळाडूचे पाय पाहावेत. पूर्ण वेगाने पंधरा यार्ड धावत गेलेला रिसीव्हर एकाएकी कंबर खाली घेऊन थांबतो आणि क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, वळतो, त्या क्षणी बचावपटू एक-दोन पावले पुढे निघून जातो; चेंडू झेलायला जागा मिळते ती तेवढीच. वय झाले की थांबायला एक पाऊल जास्त लागते आणि ती जागा नाहीशी होते. सरळ धावेची वेळ मोजून ही उणीव कळत नाही. त्यासाठी सामन्यांची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

पण ही उणीव भरून काढता येते. अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचा लॅरी फिट्झजेराल्ड कडेची जागा सोडून आतल्या बाजूला, ज्याला स्लॉट म्हणतात तिथे, खेळू लागला आणि 32 व्या वर्षी, 2015 मध्ये, त्याने 109 झेल घेतले. पुढचे दोन हंगामही त्याने शंभरी ओलांडली. वेगापेक्षा मोकळी जागा हेरण्याची नजर आणि आडदांड बचावपटूंना अडवण्याची तयारी तिथे जास्त कामाला येते. जेरी राइस या रिसीव्हरला सॅन फ्रान्सिस्को संघाने 2001 मध्ये सोडले आणि ओकलंड संघाकडून, वयाची चाळिशी पूर्ण झाली त्या 2002 च्या हंगामात, त्याने 92 झेल घेऊन 1,211 यार्ड मिळवले. राइस अपवादच होता, त्याच्या आधारे कुणालाही करार देऊ नये. फिट्झजेराल्डचा मार्ग मात्र इतरांना चोखाळण्यासारखा आहे.

म्हणून माझे उत्तर असे : करार जरूर वाढवावा, पण चालू कराराच्या अखेरच्या वर्षात, एकेका वर्षाने, हमी फक्त येत्या हंगामाची ठेवून आणि बदललेली भूमिका खेळाडूला मान्य आहे याची त्याच्याशी स्पष्ट बोलणी करून. आपल्याला वाटणारी कृतज्ञता मलाही वाटते. फेब्रुवारी 2022 च्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत चौथ्या, म्हणजे अखेरच्या, प्रयत्नाला चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी एक यार्ड हवा असताना कप स्वतः चेंडू घेऊन धावला आणि दीड मिनिटाहून कमी वेळ उरला असताना विजयी टचडाउनही त्यानेच झेलला. हे विसरता येणार नाही. पण पगाराला मर्यादा असलेल्या लीगमध्ये कृतज्ञतेपोटी दिलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी जागेतून वजा होतो, आणि तो दुसराही त्याच संघासाठी अंग झिजवत असतो.

आता आपला शेवटचा प्रश्न. या लीगमध्ये कराराचा जाहीर होणारा आकडा क्वचितच पूर्णपणे हमीचा असतो, म्हणून जाणकार खेळाडू मुदतीपेक्षा हमीच्या रकमेसाठी सही करतो. कपने सही केली जूनमध्ये आणि त्याचा घोटा दुखावला नोव्हेंबरमध्ये. त्याने थांबायचे ठरवले असते, तर पुढची बोलणी त्याला त्या घोट्यासह करावी लागली असती. रॅम्सने सोडल्यावर त्याच्या स्वतःच्या वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल संघाने त्याला तीन वर्षांचा, 4 कोटी 50 लाख डॉलरचा करार दिला. तेव्हा या व्यवहारात खेळाडूचे नुकसान झाले, असे मला वाटत नाही.