साध्या रंगाच्या कॉर्न स्नेकच्या (पाळला जाणारा बिनविषारी साप) जोडीत कोणते जनुक लपलेत, हे कसं ओळखायचं?

गोव्यातले तुमचे नर-मादी दोन्ही नेहमीच्या नारिंगी-तपकिरी रंगाचे, तरी 14 पिल्लांत 3 लाल डोळ्यांची आणि 1 करडं निघालं. कोणात काय दडलंय, असा तुमचा प्रश्न आहे.

अर्धं उत्तर पिल्लांनीच दिलंय. लाल डोळे आणि अंगावर काळ्याचा मागमूस नाही, म्हणजे अमेल. हे जनुक अप्रभावी. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळाल्या तरच दिसतं. म्हणजे आई-बाप दोघंही 'हेट अमेल', म्हणजे एकच प्रत लपवून वाहणारे. असं एकच पिल्लू निघालं असतं तरी निकाल हाच. मात्र मादी मोठी झाल्यावर विकत घेतली असेल तर थांबा. मादी आधीच्या नराचं वीर्य काही महिने साठवून ठेवू शकते. आई हेट हे पक्कं. बाप तुमचाच नर आहे का, हे नाही.

करड्या पिल्लाला लगेच नाव देऊ नका. अ‍ॅनेरी, चारकोल आणि कॅरामल ही रंगाची वेगवेगळी अप्रभावी जनुकं. अ‍ॅनेरी आणि चारकोल दोन्ही जन्मतः करडी असतात, आणि कॅरामलचा पिवळेपणाही काही महिन्यांनी चढतो. अ‍ॅनेरीच्या हनुवटीखाली वयानुसार पिवळसर झाक येते, चारकोलला सहसा येत नाही. तरी खरी परीक्षा जोडीचीच. मोठं झाल्यावर खात्रीच्या अ‍ॅनेरीशी लावा. ढीगभर पिल्लं झाली आणि सगळी साधी, तर ते जनुक वेगळं.

उरलेली 10 साधी पिल्लं दिसायला सारखी, पण दोन्ही जनुकांचा हिशेब केला तर त्यांतलं सरासरी 9 मधलं एकच पूर्ण कोरं. विकणारे '66 टक्के हेट' लिहितात, त्याचा अर्थ इतकाच की त्या पिल्लात ते जनुक असण्याची शक्यता तीनांत दोन. साप एक तर हेट असतो किंवा नसतो.

संशयित सापाची परीक्षा घ्यायची तर जोडीदार ते जनुक अंगावर दिसणारा घ्या. अमेलशी लावल्यास हेटची निम्मी पिल्लं अमेल येतात, त्यामुळे हेट असूनही 7 पिल्लं ओळीने साधी निघण्याची शक्यता 1 टक्क्याखाली असते. हेटशी लावलंत तर तेवढ्याच खात्रीला 17 पिल्लं लागतात. करडं अ‍ॅनेरीच ठरलं तर स्नो (अमेल आणि अ‍ॅनेरी दोन्ही अंगावर दिसणारा साप) घ्या, एकाच फेरीत दोन्ही जनुक तपासून होतात. 'आहे' म्हणायला एक पिल्लू पुरतं. 'नाही' कधीच शंभर टक्के होत नाही.

म्हणून अंडं वाया घालवू नका. दिवस भरूनही न फुटलेलं अंडं टाकण्याआधी कापून पाहा. आतलं मेलेलं पिल्लू पूर्ण वाढलेलं असेल तर डोळ्यांचा लाल-काळा फरक स्पष्ट दिसतो, आणि तेही मोजणीत धरायचं.

गोव्यात अडचण थंडीची नाही, उकाड्याची. अंड्यांना 27 ते 29 अंश हवेत, मेमध्ये खोलीच 32-33 ला जाते. अंडी जास्त तापली की वाकड्या कण्याची पिल्लं निघतात किंवा आतच मरतात. थर्मोस्टॅट फक्त हीटर चालू-बंद करतो, गार करत नाही. तेव्हा खालच्या मजल्यावरची सावलीची खोली शोधा. व्हर्मिक्युलाइट (अंडी ठेवायचं, ओल धरणारं खनिज) आणि पाणी वजनाने समसमान घ्या. साधारण 60 दिवस लागतात.

प्रत्येक पिल्लाला नंबर द्या, पहिली कात टाकल्यावर फोटो काढा, आणि रंग पक्का होईपर्यंत विकू नका. कातेवरून काही जनुकांची डीएनए चाचणी परदेशी प्रयोगशाळा करतात. पाठवायची असेल तर कात पंख्याखाली खडखडीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. जून-जुलैत प्लास्टिकच्या पिशवीत ती बुरसटते.

बहीण-भावाची जोडी लावणार असाल तर रंगापलीकडेही बघा. सनकिस्ड नावाच्या रंगप्रकाराच्या वंशात 'स्टारगेझर' नावाचा अप्रभावी दोष आढळलाय. पिल्लू मान मागे वळवून वर बघत राहतं, उलटं पडलं की सुलटं होता येत नाही. एक जरी निघालं तर आई-बाप दोघंही वाहक. ती जोडी तिथेच थांबवा आणि त्या पिल्लाची भावंडं पैदाशीसाठी कुणाला देऊ नका.