गॅप, गादी आणि गिधाड

प्रश्न असा आलाय: ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’ आणि ‘सायटिका झालाय’ ही तीन वाक्यं एकाच दुखण्याबद्दल ऐकू येतात. तिन्ही एकच का? आणि मराठीत नेमकं काय म्हणावं?

आधी ‘गॅप’चा निकाल लावतो, कारण तो शब्द कानावर पडला की माझंच डोकं उठतं. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, दोन मणक्यांमधली चकती, म्हणजेच ती गादी, दिसत नाही. तिच्या जागी नुसती फट दिसते. ती फट प्रत्येकाला असते, असायलाच हवी. चकती झिजली की फट कमी होते. म्हणजे ज्याला आपण गॅप ‘आला’ म्हणतो, त्याचा बिचाऱ्याचा असलेला गॅप गेलेला असतो!

‘गादी सरकली’ त्यातल्या त्यात बरं, पण चूकच. चकती वरखालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती कुठे सरकणार? तिचं बाहेरचं चिवट कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नसेच्या मुळाशी खेटतो. डॉक्टर ज्याला हर्निएशन म्हणतात ते हेच. अख्खा मणका मात्र खरोखर सरकतो, पण त्या आजाराचं नाव स्पॉन्डिलोलिस्थेसिस, आणि त्यातल्या ग्रीक ‘ऑलिस्थेसिस’चा अर्थच मुळी घसरणं. ‘स्लिप डिस्क’मधला ‘स्लिप’ तिथे शोभला असता. चिकटला भलत्यालाच.

सायटिका हे कारणाचं नाव नाही, लक्षणाचं आहे: कुल्ल्यापासून पायात उतरणारी कळ. ग्रीक ‘इस्किऑन’ म्हणजे खुब्याचा सांधा, तिथून लॅटिनमार्गे हा शब्द आला. ही कळ खुब्याचीच असते असं नाही, नसेचीही असू शकते, हे इटालियन डॉक्टर कोतुन्योने १७६४ साली मांडलं. चकतीवर नीट बोट ठेवलं ते मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांनी, १९३४ साली. पुढे जाऊ, कारण खरी मौज आपल्याकडच्या शब्दात आहे.

गृध्रसी! आयुर्वेदात सायटिकेला हेच नाव. ‘या रोगात माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून गृध्रसी’ ही व्युत्पत्ती एकजण लिहितो आणि दहाजण उतरवून घेतात. मला ती मुळीच मान्य नाही. चरकाचा श्लोक काढा: ‘स्फिक्पूर्वा कटिपृष्ठोरुजानुजङ्घापदं क्रमात्’. कुल्ला, कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल, असा कळेचा रस्ता दिलाय. चालीबद्दल अवाक्षर नाही. पुढे क्रियापद येतं ‘गृह्णाति’, धरते. सुश्रुत काय म्हणतो? ‘सक्थ्नः क्षेपं निगृह्णीयात्’, पायाचा क्षेप रोखून धरते. दोघांनाही दिसली ती पकड. आता ‘गृध्’ धातू पाहा: हाव धरणं. ईशोपनिषदातल्या ‘मा गृधः कस्यस्विद्धनम्’मधला तोच. गिधाडाला गृध्र म्हणतात ते या हावेमुळे, मग रोगाचं नाव चालण्यावरून कशाला शोधायचं? पाय धरून ठेवणारी ती हावरी, म्हणून गृध्रसी, असं माझं मत. ‘गृध् आणि ग्रह् हे वेगळे धातू आहेत’ असं सांगायला जे सरसावतील त्यांनी बसून घ्यावं. मी धातू एक करत नाहीये, नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय होतं ते सांगतोय. गिधाड चालताना पाहिलेले व्युत्पत्तीकार किती, हाही एक प्रश्नच आहे.

आणि सुश्रुताचा तो ‘क्षेप’! कोणी त्याचा अर्थ पसरणं करतं, कोणी उचलणं. काहीही घ्या, आजही डॉक्टर तपासतात ते हेच. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर नसेचं मूळ दबल्याचा संशय बळावतो. नुसती मांडीची मागची शीर ताणली तर ती धरत नाहीत. या चाचणीला नाव फ्रेंच डॉक्टर लासेगचं, पण त्याने स्वतः ती लिहिलीच नाही. लिहिली त्याच्या शिष्याने, फोर्स्टने, १८८१च्या प्रबंधात. त्याच्या एक वर्ष आधी सर्बियाच्या डॉक्टर लाझारेविचने ती मांडली होती. नावं अशीच चुकीच्या माणसाला चिकटतात.

हां, लक्षणं. ती सगळ्यांची सारखी का नसतात, तर कुठली नस दबली त्यावर सगळं आहे. एल-५ (कंबरेतली पाचवी नस) दबली तर कळ पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला येते, अंगठा वर उचलताना बळ कमी पडतं. एस-१ (तिच्या खालची, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतली पहिली नस) असेल तर टाच आणि पावलाची बाहेरची कड बधिर होते, चवड्यावर उभं राहणं जड जातं. या दोन्हींहून वरची असेल तर मांडीच्या पुढच्या बाजूला दुखतं. म्हणून डॉक्टरांना ‘पाय दुखतो’ एवढंच सांगू नका. कळ जाते, मुंग्या येतात, बधिर होतं, की जोरच लागत नाही, हे मराठीत चार वेगळे शब्द आहेत आणि चारही कामाचे आहेत. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर शब्दचर्चा सोडा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एमआरआयच्या कागदावरचा ‘बल्ज’ हा शब्दही फार मनावर घेतला जातो. १९९४च्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय पाहिले, तर निम्म्याहून अधिकांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. चित्र आणि कळ यांचा मेळ बसला, तरच निदान.

मूळ प्रश्न राहिलाच की. चकतीचा गर बाहेर आला असेल तर ‘चकतीचा गर बाहेर आलाय’ म्हणा. पायातल्या कळेला सायटिका म्हणा, हिंमत असेल तर गृध्रसी. आणि वाकताना नुसती कंबर धरली, पायात काहीच उतरलं नाही, तर त्याला उसण भरली म्हणतात.